चेलोवाल्याच्या बाजूला बसून

रविवार, रात्री उशिरा

कॅम्पातल्या मझदा हॉलमध्ये आज पियानो ट्रिओ ऐकला. पियानो, व्हायोलिन आणि चेलो, म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ. तिघंच, आणि माईक नाही. आम्हाला उजवीकडच्या खुर्च्या मिळाल्या, म्हणजे चेलोवाल्याच्या जवळजवळ समोर. संध्याकाळभर मी त्यालाच ऐकत राहिलो. जन्मभर पेटीवर साथ करत आलेल्या माणसाचं लक्ष दुसरीकडे जाणार तरी कुठे!

सुरुवात ऑस्ट्रियन संगीतकार हायडनच्या जी मेजर ट्रिओने. 1795चा, लंडनमुक्कामातला, शेवटच्या जिप्सी ढंगाच्या धावत्या भागामुळे लोकांच्या आवडीचा. हे ट्रिओ छापले गेले तेव्हा ते चक्क व्हायोलिन आणि चेलोच्या साथीसह पियानोचे सोनाटे होते. साथीसह! चेलोच्या वाट्याला बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताचेच स्वर. त्याला कारण आहे. त्या काळचे पियानो लाकडी चौकटीचे, आवाजाने लहान. खालचे स्वर वाजले की लगेच विरायचे. त्यांना टेकू द्यायला चेलो. आजच्या लोखंडी चौकटीच्या पियानोला असल्या टेकूची गरज उरलेली नाही, उलट त्याच्यापुढे चेलो बुडण्याचीच भीती. म्हणून की काय, आज पियानोचं झाकण अर्धंच उघडलं होतं. तरीही त्या चेलोवाल्याने काय काम केलं! स्वतःचं असं जवळजवळ काहीच नाही, पण त्याचा गज थांबला की पियानोचा तळ पोकळ वाटायचा.

पहिला भाग संपल्यावर मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि दोन-चार माना वळल्या. मी टाळ्यावाल्याच्या बाजूचा. हायडनच्या काळी लोक मधेच टाळ्या वाजवत. हे गप्प बसण्याचं शिस्तीचं खूळ नंतरचं. दाद आतल्या आत गिळून बसायचं म्हणजे आमच्यासारख्यांना शिक्षाच.

मग रशियन संगीतकार शोस्टाकोविचचा दुसरा ट्रिओ, 1944चा. सोलेर्टिन्स्की हा त्याचा जिवलग मित्र त्याच वर्षी अचानक गेला, त्याच्या आठवणीत पुरा केलेला. सुरुवातीला चेलो एकटाच. म्यूट (आवाज दबवणारी चिमटी) चढवलेला, तारेला बोट नुसतं टेकवून काढलेले अगदी वरचे, काचेसारखे स्वर. मग व्हायोलिन येतं, ते त्याच्या खाली. मग पियानो, त्याहून खाली, थेट खर्जात. सगळी उतरंड उलटी. हायडनमध्ये ज्याला तळाशी बसवला होता तो आज सगळ्यांच्या वर, आणि वर असून कसा उघडा पडलेला. त्या पट्टीत एक बोट केसभर सरकलं तरी सगळा हॉल ऐकणार. माझेच तळवे घामेजले.

तिसऱ्या भागात मात्र मी घरी आल्यासारखा झालो. पियानोवर आठ जड कॉर्ड्स, म्हणजे एकदम दाबलेले स्वरांचे झुबके, एकामागून एक, आणि तेच आवर्तन पुन्हा पुन्हा. वर व्हायोलिन आणि चेलो शोक करतायत. हा तर लेहरा, तबल्याखाली फिरत राहणारी तीच एक ओळ! तबल्याच्या सोलोला मी तासतास लेहरा धरलाय. बाहेरच्याला वाटतं, त्यात काय, तेच तेच तर वाजवायचं. पण ते तेच तेच न ढळता वाजवलं नाही तर वरच्याला उडी मारायला जमीन उरत नाही. पियानोवाल्या बाईंनी एकदाही त्या कॉर्ड्सना उगाच रंग चढवला नाही. मनातल्या मनात नमस्कार केला.

आणखी एक गोष्ट. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली ती 1971 पर्यंत. का, तर ठरलेले स्वर, मींड नाही, श्रुती नाहीत. पियानोत तोच दोष ठासून भरलेला आहे. पण इथे त्याला कुणी बाहेर काढलं नाही. तारवाले पियानोबरोबर एका स्वरावर उभे राहतात तेव्हा त्याच्याशी जुळवून घेतात, आणि एकटे गातात तेव्हा मनासारखा स्वर वळवतात. हा सामंजस्याचा मामला आमच्याकडे पेटीविरोधकांना कधी सुचला नाही.

मध्यंतरानंतर चेक संगीतकार द्वोर्झाकचा ‘दुमकी’ ट्रिओ. सहा दुमके, प्रत्येकात आधी उदास ठाय चाल आणि मग एकदम नाचरी लय, काही कारण न देता. पहिलाच हुंकार चेलोचा, भरघोस. 1891 मध्ये प्रागला तो पहिल्यांदा वाजला तेव्हा पियानोवर स्वतः द्वोर्झाक, व्हायोलिनला लाखनर आणि चेलोला हानुश विहान. न्यूयॉर्कची नोकरी ठरली होती, तर जाण्यापूर्वी 1892 मध्ये हे तिघं बोहेमिया आणि मोराव्हियाच्या गावोगाव निरोपाच्या दौऱ्यावर निघाले. सुमारे 40 कार्यक्रम. आपल्या संगीत नाटक मंडळ्या फिरायच्या तसेच. एवढा मोठा माणूस, पण आधी आपल्या तालुक्याच्या गावांत वाजवून मग अमेरिकेला गेला, हे मला फार आवडलं. पुढे चेलो कन्चेर्टो (ऑर्केस्ट्रासोबत एकट्या चेलोची रचना) लिहिला तोही विहानलाच अर्पण.

कार्यक्रम संपल्यावर चेलोवाल्याला गाठलं. विचारलं, सगळ्यात अवघड काय? मला वाटलं होतं, शोस्टाकोविचची ती सुरुवात सांगेल. म्हणाला, “हायडन. पियानोच्या डाव्या हाताला चिकटून चालायचं असतं. जरा मागेपुढे झालं की लपायला जागा नाही.” गडी आमच्याच जातीचा निघाला. हस्तांदोलन करून हात दुखेपर्यंत हलवला.

रिक्षात हिला हे सगळं रंगवून सांगितलं. ही म्हणाली, “अहो, तुम्हाला नुसता चेलो दिसला. दोघांना सांभाळत होत्या त्या पियानोवाल्या बाई. सारखी मान वळवून बघत होत्या.”

म्हटलं, त्यांचं सोपं असतं. पियानोच्या कागदावर तिघांचंही लिहिलेलं असतं, कोण कुठे आहे ते समोर दिसतं. म्हणून तर पानं भराभर संपतात आणि शेजारी पानं उलटायला ती विद्यार्थिनी बसवावी लागते. चेलोवाल्यापुढे फक्त स्वतःची ओळ, बाकीचं कानांनी.

“म्हणजे तिघांचं वाचायचं, स्वतःचं वाजवायचं आणि वर दोघांकडे लक्षही ठेवायचं. हे सोपं?”

लक्ष्मी रस्ता येईपर्यंत आमचं चालूच होतं.