वाचनालय गार ठेवताना: माझा अनुभव

वाचनालयाची समिती आमच्याकडे पहिल्यांदा आली ती एसीचा हिशेब विचारायला. जुनी इमारत पाडून त्याच जागेवर नवी बांधायची, हे ठरलेलं होतं. जुन्या इमारतीत संध्याकाळी बसवत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. "मॅडम, किती टनांचे एसी लागतील तेवढं आधी सांगा, म्हणजे वाढीव लोडसाठी अर्ज करता येईल. बाकीचं डिझाइन तुम्ही सावकाश करा," असं अध्यक्ष म्हणाले.

आमचं आर्किटेक्टचं ऑफिस चौघांचं. कामं सगळी आसपासचीच. ज्यांची इमारत बांधतो ती माणसं रोज रस्त्यात भेटतात, त्यामुळे चुकलेली खिडकी पुढची वीस वर्षं आम्हाला ऐकवली जाते. टनांचा, म्हणजे एसीच्या क्षमतेचा, आकडा देण्याआधी मी आठ दिवस मागितले. म्हटलं, आधी तुमच्या जुन्या वाचनालयात बसते.

बसले म्हणजे खरोखर बसले. कोण कुठल्या टेबलावर बसतं, केव्हा उठतं, कोण खुर्ची सरकवतं, हे कागदावर टिपत गेले. दुपारी चार माणसं असायची. पाच वाजल्यानंतर परीक्षेची तयारी करणारी मुलं यायची आणि रात्री नऊपर्यंत चाळीसएक जण असायचे. आणि नेमकं याच वेळात वरच्या मजल्यावर जीव नकोसा व्हायचा. बाहेर ऊन उतरलेलं, वारा सुटलेला, तरी आत घुसमट.

कारण समजायला एक पिंगपाँगचा चेंडू पुरला. त्याला मॅट काळा रंग दिला, भोक पाडून आत थर्मामीटरचं टोक बसवलं आणि टेबलावर उभा केला. शेजारी हवेचा साधा थर्मामीटर. संध्याकाळी सहाला हवा 33 अंश दाखवत होती, चेंडू 36. हा फरक छताचा. काळा चेंडू हवेबरोबरच भोवतालच्या पृष्ठभागांतून येणारी उष्णताही पकडतो, तशी आपली त्वचाही पकडते. लांबूनच तापमान मोजणाऱ्या इन्फ्रारेड गनने स्लॅबची खालची बाजू मोजली तर 44 अंश. काँक्रीटच्या स्लॅबमधून उष्णता खाली उतरायला चार-पाच तास लागतात. दुपारी एकचं ऊन संध्याकाळी पाच-सहाला मुलांच्या डोक्यावर येत होतं, आणि गर्दी तेव्हाच.

डॅनिश अभियंता ओले फँगर यांनी 1970 मध्ये हेच शास्त्रशुद्ध मांडलं होतं. माणसाला बरं वाटणं सहा गोष्टींवर ठरतं: हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांची उष्णता, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. एसीचा टनांचा हिशेब मुख्यतः पहिल्या आणि चौथ्या गोष्टीशी झगडतो. डोक्यावर 44 अंशांचा स्लॅब ठेवून हवा 24 वर आणली, तर डोकं तापलेलं आणि पाय गारठलेले, अशी अवस्था होते. त्यात बसलेलं प्रत्येक माणूस साधारण 100 वॅट उष्णता बाहेर टाकतं. चाळीस मुलं म्हणजे चार किलोवॅट, खोलीत चार हीटर चालू असल्यासारखं. ती मुलं तर येणारच, त्यांच्यासाठीच तर वाचनालय. कमी करता येण्याजोगी उष्णता छताची आणि खिडक्यांची होती.

समितीला हे आकडे दाखवले. माना हलल्या, पण पटलं नव्हतं. त्यांना दर्शनी बाजूला काचेचा पडदा, म्हणजे सलग काचेची भिंत, आणि चकचकीत पॅनेल हवी होती. त्या पैशातून छतावर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, घालावा, असं आमचं म्हणणं. न दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च करा, हे लोकवर्गणीतून उभ्या राहणाऱ्या कामात सांगणं फार अवघड. त्यांचंही बरोबर होतं, देणगीदारांना दाखवायला काहीतरी लागतं.

मग जुन्या गच्चीचाच उपयोग केला. वरच्या मजल्यावरच्या एका टेबलाच्या बरोबर वर, पाच सेंटिमीटर जाडीचे एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणाऱ्या घट्ट फोमचे) नुसते मांडले, त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे पसरले. दहा दिवस तसंच राहू दिलं. अकराव्या दिवशी संध्याकाळी समितीला बोलावलं, एक बाक ठेवला आणि एकेकाला वर चढून छताला तळहात लावायला सांगितलं. आधी उघड्या स्लॅबखाली, मग झाकलेल्या. खजिनदार काका सर्वांत जास्त विरोधात होते. त्यांनी पहिल्या ठिकाणी हात लावला आणि लगेच काढून घेतला. दुसऱ्या ठिकाणी हात तसाच ठेवून बराच वेळ उभे राहिले. खाली उतरून म्हणाले, "हे पोरांना आधीच कळलंय." खरंच, गेल्या चार-पाच दिवसांत मुलं त्याच टेबलाभोवती दाटी करून बसत होती. आम्ही कुणाला काही सांगितलं नव्हतं.

हिशेब सरळ आहे. उष्णता अडवण्यात असा पाच सेंटिमीटरचा बोर्ड जवळपास अडीच मीटर जाड काँक्रीटच्या तोडीचा असतो. आणि तो स्लॅबच्या वर घालायचा. वर घातला की ऊन स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही, रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या की स्लॅब गार होतो आणि दुसऱ्या दिवशी तो गारवा खोलीला मिळतो. खालून फॉल्स सीलिंग करून घातला तर हा फायदा हातचा जातो. काचेचा पडदा रद्द झाला.

खिडक्यांबाबत मात्र चूक माझीच झाली होती. पश्चिमेला जुनी मोठी झाडं होती, ती वाचताना दिसावीत म्हणून त्या बाजूला मी रुंद खिडक्या काढल्या होत्या. ड्रॉइंगवर सुंदर दिसत होतं. आमच्या ऑफिसची एक पद्धत आहे, बांधकामाआधी मोकळ्या जागेत पूर्ण मापाची फक्की मारायची, म्हणजे चुन्याने नकाशा आखायचा, आणि जे वापरणार त्यांना आत फिरू द्यायचं. जुनी इमारत पाडून जागा साफ झाल्यावर चुन्याच्या रेघांत आख्खं वाचनालय आखलं. लोकांनी आपापल्या खुर्च्या आणून मांडल्या. रोज वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एक आजी पश्चिमेच्या 'खिडकी'शेजारी बसल्या, पाच मिनिटांनी पदर कपाळावर ओढला आणि खुर्ची फिरवून पाठ करून बसल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "बाई, झाडं बघू का डोळे सांभाळू?" वाजले होते साडेचार. झाडं उंच होती खरी, पण त्यांच्या बुंध्यांमधून ऊन थेट आत येत होतं.

मी म्हटलं छज्जा वाढवते. रात्री गणित केलं. मावळतीच्या दोन तास आधी सूर्य क्षितिजापासून 30 अंशांपेक्षा जास्त वर नसतो. समोरून येणारं असं ऊन दीड मीटर उंचीच्या खिडकीवर अडवायचं, तर छज्जा अडीच मीटरहून लांब हवा. म्हणजे उपयोग शून्य. आतून पडदे लावले तरी काचेतून आत आलेलं ऊन आतच राहतं, पडदा तापतो आणि खोली तापवतो. ऊन काचेच्या बाहेरच थांबवावं लागतं. शेवटी पश्चिमेला अरुंद उभ्या खिडक्या, बाहेरून उभे तिरके लाकडी फिन (ऊन अडवणाऱ्या फळ्या), आणि त्या भिंतीलगत पुस्तकांची मांडणी व जिना. वाचायची टेबलं दुसऱ्या बाजूला गेली. आजींना बाहेरचं दिसायला हवं होतं, म्हणून त्यांच्या उंचीला एक छोटी खिडकी फिनच्या आड ठेवली.

साइटवरचे दिवस नेहमीसारखेच गेले. एकच सांगण्यासारखं. गच्चीवर बोर्ड बसवताना मिस्त्रींनी पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेने वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार, मारायला वीतभर पट्टा उघडा सोडला होता. वॉटरप्रूफिंगच्या दृष्टीने त्यांचं चुकलं नव्हतं. पण त्याच पट्ट्याखाली खिडकीलगतची टेबलं येणार होती. तेवढ्या भागातून उष्णता आत शिरत राहिली असती. त्यांच्याबरोबर गच्चीवर बसून तपशील पुन्हा काढला, बोर्ड कडेपर्यंत नेला आणि वाटा त्यावर घेतला. ते म्हणाले, आधी सांगितलं असतं तर आधीच केलं असतं. तेव्हापासून तो तपशील आम्ही मोठ्या मापात वेगळा काढून देतो.

एसीचं काय झालं, तर संगणकाच्या छोट्या खोलीत एक बसवला. बाकी सगळीकडे पंखे. अंगावर सेकंदाला एक मीटर वेगाने वारा आला, तर साधारण तीन अंश गार वाटतं. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या) मोटरचा पंखा 30 वॅटच्या आसपास घेतो, जुना 75 घ्यायचा. पंखे खोलीच्या मध्यावर न लावता टेबलांच्या डोक्यावर लावले आणि दिवे पात्यांच्या खालच्या पातळीला. दिवे पात्यांच्या वर असले की पानावर सावली फिरत राहते आणि डोकं दुखायला लागतं.

उद्घाटन झालं. आम्ही मोजमापं घेत राहिलो, कारण ड्रॉइंगमधली इमारत आणि वापरातली इमारत सारखी वागत नाही. पहिल्या उन्हाळ्यात स्लॅबची खालची बाजू 33 च्या पुढे गेली नाही, चेंडू आणि हवा यांत अंशभराचाही फरक नव्हता. तरी मुलं म्हणत होती, कोंदट वाटतं. वर पाहिलं तर सगळे व्हेंटिलेटर बंद. गरम हवा वरून निघून जावी म्हणून ते छतालगत ठेवले होते, पण उघडायचा लांब दांडा कपाटामागे पडलेला. ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "तो दांडा मला पेलत नाही." चूक आमची होती. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर या संशोधकांनी 160 इमारतींतल्या सुमारे 21,000 नोंदी तपासून 1998 मध्ये दाखवून दिलं होतं, की नैसर्गिक वारा येणाऱ्या, खिडक्या लोकांच्या हातात असलेल्या इमारतींत माणसं तापमानाचे बरेच चढउतार आनंदाने स्वीकारतात. हे मला पाठ होतं आणि तरी मी खिडकी लोकांच्या हाताबाहेर ठेवली होती. आठवड्याभरात दोरी आणि कप्पी बसवली. दोरीचं टोक टेबलावरून हात पुरेल एवढ्या उंचीवर. आता मुलं स्वतःच ओढतात, रात्री जाताना ताई उघडे ठेवून जातात.

एक कोपरा अजून जमलेला नाही. जिन्याजवळच्या शेवटच्या टेबलावर वारा पोहोचत नाही, मधे पुस्तकांची कपाटं आडवी येतात. ती सरकवली तर बालविभागाची जागा जाते. काल ताईंबरोबर तिथे उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहिलं. जमिनीलगत हवा हलत होती, कपाटाच्या पाठीला आपटून परतत होती. कपाटांचा सर्वांत खालचा कप्पा रिकामा करून पाठीची फळी काढायची, असं ठरलंय. सुतार सोमवारी येणार आहेत.