तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांना कामाला का लावता?

"मॅडम, आठवी-नववीच्या पोरांचा आठवड्यातला एक अख्खा दिवस वायरिंग, माती परीक्षण, जाळीवर सिमेंट थापायचं ते फेरोसिमेंट असल्यात जातो, मग दहावीचं काय?" पालक सभेत विचारतात, लग्नात भेटलेले नातेवाईक विचारतात, नवीन आलेले शिक्षक तर पहिल्याच आठवड्यात विचारतात. गावातल्या शाळेत मी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' (आयबीटी) हा विषय शिकवते, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मार्कांचं आधी. हा बोर्डाने मान्य केलेला विषय आहे, त्याचे मार्क दहावीला धरतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हे उभं केलं, मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून ते शिरूरच्या कोरडवाहू भागात आले ते काय पोरांचं नुकसान करायला नाही. शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, अभियांत्रिकी असे चार विभाग, आणि शिकायचं ते गावातल्या कुणाच्या तरी खऱ्या गरजेच्या कामातून. बस, मार्कांचं एवढंच.

आता करिअरचं बोलू. २०१६ ला दहावीच्या पोरांची, कुठल्या क्षेत्राकडे ओढा आहे ते सांगणारी कल चाचणी सुरू झाली, कागदावर 'आरोग्य' असा कल आला की घरचे म्हणायचे डॉक्टर तर परवडत नाही, संपला विषय. आमच्याकडे नववीतली एक पोरगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, अंगणवाडीत आरोग्य सेविका ताईंसोबत बायकांचं हिमोग्लोबिन तपासत होती. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे असं २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आलंय, ते तिने वाचलं असेल नसेल, पण सख्ख्या चुलतीचं हिमोग्लोबिन साडेसात निघालं तेव्हा तीच तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेली. आणि मग मला विचारलं, "मॅडम, रोज हेच करायची नोकरी असते का?" असते ना, बारावीनंतर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून. हा प्रश्न भिंतीवरचं करिअरचं पोस्टर बघून तिच्या तोंडून आला नसता.

हे सगळं मी ठासून सांगते. पण एकाला नाही सांगू शकले.

अंगणवाडीसाठी फेरोसिमेंटची पाण्याची टाकी चालली होती. पोरांनी सळया बांधलेल्या, कोंबडी जाळी गुंडाळलेली, माल किती लागेल आणि मजुरी धरून खर्च किती येईल ते वहीत मांडलेलं. एक पोरगा थापी इतकी सफाईने चालवत होता की बाकीची पोरं बघत उभी होती, आणि मी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक करत होते तेवढ्यात त्याचे वडील आले. गवंडीच आहेत ते. पोराच्या हातातली थापी घेतली, खाली ठेवली. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, "मॅडम, माझ्या बापानं घमेलं उचललं, मी उचलतोय. हा उचलू नये म्हणून शाळेत घातला."

मी म्हटलं, अहो दादा, सगळेच करतायत, ती बघा डॉक्टरांची मुलगीही घमेलं उचलतेय. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिला परत जाता येतं."

पोरगा मान खाली घालून उभा. माझ्याकडे उत्तरं होती की, कष्टाला प्रतिष्ठा, हाताला कौशल्य, हातकामातून शिकवायची गांधीजींची नई तालीम, ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं सगळं पाठ होतं. त्या माणसासमोर त्यातलं एकही तोंडातून निघेना. पुढच्या वर्षी पोरगा तालुक्याच्या शाळेत गेला.

तेव्हा मी मनात म्हणायचे, त्यांना विषय कळलाच नाही. आता तसं म्हणवत नाही. १९५३ ला मद्रासचे मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी पोरांची शाळा निम्म्या वेळाची करून उरलेल्या वेळात घरचा धंदा शिकवायची योजना आणली, तेव्हा जातीचा धंदाच पुन्हा गळ्यात बांधताय म्हणून लोक उठले आणि पुढच्या वर्षी नवे मुख्यमंत्री कामराजांनी ती रद्द केली. आमचा विषय तसा नाही हो! इथे सगळी पोरं सगळे विभाग करतात, आणि मी तर आता गवंड्याच्या पोराला आधी हिमोग्लोबिनला पाठवते आणि डॉक्टरांच्या पोरीला आधी टाकीवर. तरी तिला परत जाता येतं हे खरंच आहे, ते माझ्या वेळापत्रकाने कसं बदलणार?

म्हणून मार्कांचा प्रश्न आला की मला चीड येते. तो सोपा आहे. अवघड हा आहे की हे शिक्षण गावातल्याच पोरांना का? नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीला १० दिवस दप्तराविना आहेत, पण १० दिवसांत कुंभाराला भेट देऊन फोटो होतात, काम होत नाही. विषय बंद करा असं मी म्हणणार नाही, त्या पोरीचा चेहरा मी पाहिलाय. तो बाप चुकला असंही म्हणणार नाही. तुमची मुलं शहरातल्या लाखभर फीच्या शाळेत असतील तर तिथे जाऊन विचारा की आमची पोरं वर्षभर, दर आठवड्याला, कुणाच्या अंगणवाडीची टाकी बांधणार आहेत.