तुम्ही विचारलंत म्हणून: वरण घट्ट होतं

आमच्या घरी पहिल्यांदा आलेलं माणूस चहा होईपर्यंत पुस्तकांच्या कपाटाशी जातं. त्यातले दोन खण फक्त तुरुंगातल्या लिखाणाचे आहेत हे लक्षात आलं की हमखास विचारतं, "कंटाळा नाही येत हो? कोण किती वाजता उठलं, किती सूत कातलं, काय जेवलं. राजकारण तर त्यात नावालाच!" गेल्या महिन्यात लेकीच्या मित्रानं हेच विचारलं. त्याला दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं, पण ते मला रात्रभर अपुरं वाटत राहिलं. म्हणून हे नीट लिहिते.

हे वाचायला मला आईनं शिकवलं. आणीबाणीत बाबा मिसा कायद्याखाली चौदा महिने तुरुंगात होते. मी तेव्हा पहिलीत. पत्र आलं की काका, आत्या, शेजारपाजारचे सगळे ओसरीवर जमायचे. सुटका कधी, खटला कधी, बाकी मंडळी काय म्हणतायत, एवढंच त्यांना हवं असायचं. त्यांचं वाचून झालं की आई पत्र घेऊन स्वयंपाकघरात जायची. एका पत्रात बाबांनी लिहिलं होतं, 'काल वरण घट्ट होतं. दोनदा मागून घेतलं.' ते वाचून ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "जेवतायत." 'माझी प्रकृती उत्तम आहे' हे तर प्रत्येक पत्रात असायचंच. ते आमच्या समाधानासाठी लिहिलेलं असायचं, आणि आमच्याआधी पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्यासाठीसुद्धा. त्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. वरणावर होता.

तेव्हापासून मी तुरुंगातलं लिखाण वरण शोधतच वाचते.

येरवड्यात १९३२ साली गांधीजी, सरदार पटेल आणि गांधीजींचे सचिव महादेव देसाई एकत्र होते. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. उपोषण, वाटाघाटी, सह्या, हे सगळं इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात मिळतं. महादेवभाईंच्या त्या वर्षीच्या रोजनिशीत मात्र सरदार रद्दी कागदाची पाकिटं करत बसलेले दिसतात. बापूंसाठी दातून कापून ठेवतात, फळं सोलतात. आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस औंधच्या सातवळेकरांच्या पाठमालेवरून संस्कृत शिकायला बसतो. चारच वर्षांपूर्वी ज्यानं बारडोलीचा लढा चालवला, त्याचे हात आता वापरलेला कागद उलटा करून घडी घालतायत. मी ती पानं किती वेळा वाचली असतील, मोजलं नाही. बाहेर सगळा देश हलवणाऱ्या माणसाला आत दिवस कसा काढावा लागतो, ते मला त्या पाकिटांतून कळलं. भाषणांतून कधीच कळलं नव्हतं.

आत कागद म्हणजे काय असतो, हेही बाहेर बसून उमगत नाही. मंडालेला टिळकांनी 'गीतारहस्य' १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलं ते शिसपेनीनं. सुटे कागद मिळत नसत, पानं मोजलेल्या बांधीव वह्या मिळत. १९१४ साली सुटून पुण्याला आल्यावर त्या वह्या लगेच हातात पडल्या नाहीत. तेव्हा ते म्हणाले म्हणे, की वह्या सरकारजवळ असल्या तरी डोकं माझ्याजवळ आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढीन. ही गोष्ट पुण्यात सगळे अभिमानानं सांगतात. मला मात्र ती ऐकताना १९१२ आठवतं. त्या वर्षी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई इथे पुण्यात वारल्या आणि ती बातमी टिळकांना मंडालेला तारेनं कळली. त्यानंतरही त्यांना दोन वर्षं त्याच खोलीत काढायची होती.

धुळ्याच्या तुरुंगात तर लिहिणारा वेगळा आणि बोलणारा वेगळा. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, अठरा रविवार विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. आज आपल्या हातात 'गीता प्रवचने' आहे ती एका कैद्यानं दुसऱ्या कैद्याचं ऐकत भराभर चालवलेल्या हातामुळे.

कवितांचं विचाराल, तर तिथे कागदाचीही वाट पाहावी लागत नाही. सावरकरांनी अंदमानात भिंतीवर ओळी कोरल्या आणि पाठ केल्या. इरिना रातुशिन्स्काया ही रशियन भाषेत लिहिणारी कवयित्री १९८३ साली सात वर्षांची शिक्षा होऊन छावणीत गेली. ती जळक्या काडीनं साबणाच्या वडीवर ओळी लिहायची, पाठ झाल्या की हात धुवायची. साबण धुतला की पुरावा गेला, कविता राहिली! माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण जात्यावरच्या ओव्या तिला शेकड्यांनी पाठ होत्या. त्यामुळे हे मला चमत्कारासारखं वाटत नाही. लयीत बसवलेली ओळ माणूस जवळ बाळगू शकतो, झडतीत ती सापडत नाही.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी १९७८ मध्ये तिथल्या तुरुंगात संडासच्या कागदावर कादंबरी लिहिली. पुढे तिचं तेलुगू भाषांतर कवी वरवरा राव यांनी केलं, तेही तुरुंगात बसूनच. तेच कवी २०१८ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एल्गार परिषदेच्या खटल्यात आपल्या येरवड्यात होते.

वकील सुधा भारद्वाजही त्याच खटल्यात येरवड्याच्या फाशी यार्डात होत्या. त्यांनी गजांतून दिसणाऱ्या बायकांची टिपणं केली, शहात्तर जणींची. त्यात स्वतःचं गाऱ्हाणं फार थोडं आहे. मुलाखतीला कुणाचं माणूस येतं, कुणाचं येत नाही, कुणाला वकील नाही, कुणाचं मूल आत वाढतंय, हे आहे. मी आळंदी रोडनं त्या बाजूला जाते तेव्हा ती भिंत मला आता वेगळी दिसते. आत एक अख्खी वस्ती आहे हे आपण पुणेकर विसरून गेलो आहोत, याची मला लाज वाटते.

सगळंच तुरुंगातलं लिखाण मला आवडतं असं नाही. काही जण सुटून आल्यावर वहीचं भाषण करून टाकतात. थंडी, ढेकूण, मोजणीचा कंटाळा, शेजाऱ्याशी झालेलं भांडण, सगळं गाळतात आणि निश्चय तेवढा ठेवतात. अशी पुस्तकं मी वाचून परत देते, खणात ठेवत नाही. गांधीवादी, सावरकरवादी, समाजवादी, संघाचे, डावे, माझ्या खणात सगळे शेजारी शेजारी आहेत. अट एकच, वरण दिसलं पाहिजे.

बाबांची अकरा पत्रं माझ्याकडे आहेत. नवव्या पत्रात चार ओळी काळ्या शाईनं पुसलेल्या आहेत, इतक्या दाट की कागद मागून फुगलाय. लहानपणी मी तो खिडकीशी धरून पाहायची. त्याच्या खालची ओळ शाबूत आहे: 'बेबीचा पुढचा दात पडला का?'

बाबा जाण्याच्या आदल्या वर्षी मी ते पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, काय लिहिलं होतं इथे? त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. बोट त्या काळ्या पट्ट्यावरून दोनदा फिरवलं. म्हणाले, "नाही गं आठवत." मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्या दिवशी दुधी होता. सपकच होता, पण गरम होता."