कन्हान ते अंभोरा: दोन दिवस, तीन हातजाळ्या आणि दोन दांडे

मागच्या मार्चमध्ये कामठीच्या वरच्या अंगाला, कन्हानच्या काठावर माझ्या हातजाळीची मान तुटली. गळाला रोहू लागला होता, तीन-साडेतीन किलोचा असावा. तो जाळीत आलाही होता. मी दांड्यानं वर उचलायला गेलो आणि कडी, म्हणजे जाळीच्या तोंडाची गोल चौकट, दांड्याला जिथे जोडलेली असते तिथला प्लास्टिकचा तुकडा कट्‌कन मोडला. जाळी माशासकट पाण्यात पडली, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तिच्यात गुरफटली, एक हिसका बसला आणि तुटली. तोंडात गळ आणि अंगाभोवती नायलॉनची पिशवी घेऊन तो मासा डोहात गेला. मासा निसटण्याचं काही वाटत नाही, नदीवर जाणाऱ्याला त्याची सवय असते. पण माझ्या तकलादू सामानापायी एक जीव गुरफटून मेला असेल, ही गोष्ट नऊ महिने मनातून गेली नाही.

म्हणून डिसेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी मावसभावाला सोबत घेऊन निघालो ते मासे किती मिळतात हे बघायला नाही, तर जाळी आणि दांडा पारखायला. शनिवारी बीना संगम, रविवारी अंभोरा. गाडीत तीन जाळ्या होत्या. एक इतवारीतून घेतलेली घडीची, गाठी मारलेल्या नायलॉनची. दुसरी बिनगाठीच्या बारीक, मऊ जाळीची. तिसरी रबर चढवलेल्या जाळीची, कडी 60 सेंटिमीटरची. दांडे दोन होते, एक ॲल्युमिनियमचा 1.8 मीटरचा आणि एक फायबरग्लासचा, ओढून 3 मीटर होणारा.

निघण्याआधीच एक धडा मिळाला. रबरवाली जाळी आणि फायबरचा दांडा वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवला होता. ॲल्युमिनियमच्या दांड्याला ती कडी सरळ बसली, फायबरच्या दांड्यात बसेना. बाहेरून येणाऱ्या चांगल्या कड्यांच्या बोल्टला बहुतेक वेळा 3/8 इंच बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) या बारीक जातीचे आटे असतात, म्हणजे एका इंचात 20. माझ्या दांड्यात कोणीतरी साधा 10 मिलिमीटरचा नट बसवला होता. 3/8 इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे बोल्ट आत जातो, दोन फेरे बसल्यासारखा वाटतो आणि मग डुलतो. असा डुलणारा जोड ओढ बसली की आटे खाऊन टाकतो. कामठी रोडवरच्या एका लेथवाल्यानं बघताक्षणी सांगितलं, "भाऊ, हे जबरदस्तीनं बसवू नका, दोन्ही खराब होईन." त्यानं पितळेचा नवा तुकडा कातून योग्य आटे पाडून दिले आणि तो दांड्याच्या तोंडात चिकटवून वरून पिन मारली. दोनशे रुपये घेतले. तुम्ही दोन ठिकाणांहून वस्तू घेणार असाल तर आधी कडी हातात घ्या, दुकानातच दांड्यात फिरवा. सात-आठ फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत आणि शेवटी कडी घट्ट बसून हलायला नको.

बीना संगमावर आम्ही उजाडता उजाडता पोहोचलो. कन्हान, पेंच आणि कोलार या तीन नद्या इथे एकत्र येतात. पाणी निवळलेलं होतं, पात्राचा बराच भाग रेतीचा. या भागात पाय टाकताना फार जपायला हवं. रेती उपशामुळे पात्रात अचानक खोल खड्डे आहेत. गुडघाभर पाणी दिसतं आणि पुढचं पाऊल डोक्यावरून जातं. शिवाय वर पेंचवर धरणं आहेत, पाणी सोडलं की कोरड्या रेतीवर उभं राहिलेल्या माणसाला वेळ मिळत नाही. आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं की पाण्यात उतरायचं नाही. आणि पाण्यात उतरायचं नसेल तर दांड्याची लांबी हाच पहिला प्रश्न होतो.

बहुतेक जण आधी जाळी बघतात, मग सोबत मिळेल तो दांडा घेतात. मीही हेच केलं होतं. आता माझं मत उलट झालं आहे: आधी काठ बघा, मग दांडा, मग जाळी. सुतळीला दगड बांधून काठावरून खाली सोडला की उंची कळते. संगमाच्या एका बाजूला पुरानं कापलेली कड होती, दीड मीटरची. काठाखाली मासा येत नाही, तो दीड मीटर तरी पुढे असतो. म्हणजे तिरपं अंतर सव्वादोन मीटरच्या जवळपास होतं, आणि दांडा धरायला मागे साठ सेंटिमीटर तरी लागतात. 1.8 मीटरचा दांडा तिथे काहीच कामाचा नव्हता, मावसभाऊ पालथा झोपूनही पोहोचेना. 3 मीटरचा आरामात पोहोचला. तोच 3 मीटरचा दांडा समोरच्या सपाट रेतीवर अवजड वाटत होता, तिथे छोटा बरा. एकच घ्यायचा असेल तर ओढून कमी-जास्त होणारा घ्या, पण त्याचे जोड नीट बघून घ्या.

जोडांची परीक्षा घरीच होते. दांडा पूर्ण उघडा, टोकाला दोन लिटरची भरलेली बाटली टांगा आणि मागून आडवा धरा. वाकेल, ते चालतं. पण जोडाच्या जागी कोन पडत असेल, कुरकुर ऐकू येत असेल किंवा भाग आत सरकत असेल तर तो घेऊ नका. पिळून घट्ट होणारे जोड रेतीत लवकर बिघडतात, कन्हानची बारीक रेती आत गेली की पकड सुटते. एकात एक घट्ट बसणारे निमुळते भाग मला जास्त भरवशाचे वाटले, मात्र तेही रेतीसकट ओढले तर अडकतात. अडकलाच तर जोर लावून पिळू नका. दांडा उभा धरून बुडाची बाजू लाकडाच्या फळीवर हलके आपटा, सुटतो. तेल किंवा ग्रीस अजिबात लावायचं नाही, रेती त्यालाच चिकटते. साधं पाणी आणि कोरडं फडकं पुरे.

आणि एक गोष्ट मी अगदी हात जोडून सांगतो. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं इथून जवळ आहेत, त्यामुळे या पट्ट्यात उच्चदाबाच्या तारा नदीवरून, शेतांवरून गेलेल्या आहेत. कार्बनचा दांडा वीज वाहून नेतो, ॲल्युमिनियमचाही, आणि ओला झालेला कोणताच दांडा सुरक्षित समजू नका. गळाच्या काठीलाही हेच लागू. गाडीतून उतरल्यावर दांडा उघडण्याआधी मान वर करून बघा. तारेखाली दांडा मिटवूनच चाला आणि तारा दिसत असतील तिथे बसूच नका, जागा कितीही चांगली असो. मी दांडा कार्बनचा न घेता फायबरचा घेतला त्याचं एक कारण हे. दुसरं असं की कार्बन हलका असला तरी दगडावर आपटला की त्याला बारीक चीर जाते, ती दिसत नाही आणि नेमकी मासा असताना उघडते.

संगमावर जाळ्यांचाही फरक कळला. दोन प्रवाह भेटतात त्या धारेत बारीक जाळी बुडवली की ती शिडासारखी फुगते आणि दांडा हातातून ओढून नेते. रबरवाल्या जाळीची छिद्रं मोठी, पाणी आरपार जातं, ती जिथे धरली तिथे राहिली. तिला वजन आहे, दिवसभर खांद्यावर जाणवतं, ते सोसायचं. गाठीच्या नायलॉनबद्दल माझं मत पक्कं झालं आहे: मासा परत सोडायचा असेल तर ती वापरूच नका. गाठी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतात, शेपटीचे पडदे फाडतात. तो थर गेला की मासा पाण्यात गेल्यावरही आजारी पडतो. शनिवारी आमिष म्हणून लावलेल्या ढेपेच्या गोळ्याला दोन लहान रोहू आले, अर्ध्या-पाऊण किलोचे. एक गाठीच्या जाळीतून काढला, एक रबरच्या. पहिल्याच्या शेपटीला चीर पडली होती आणि माझ्या हाताला खवले लागले. त्यानंतर ती जाळी गाडीतून बाहेर काढली नाही.

रविवारी कुही-वेलतूरमार्गे अंभोरा, नागपूरपासून 70-75 किलोमीटर. वैनगंगा इथे गोसेखुर्द धरणाच्या पाण्यानं पसरलेली आहे. चैतन्येश्वराचं देऊळ, वर नवा केबलचा पूल, सुट्टीच्या दिवशी गर्दी बरीच. घाटापासून दूर जा, आणि गळ टाकण्याआधी तिथल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना विचारा. जलाशयात मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतात, त्यांच्या जाळ्यांच्या आड येणं चूक आहे. पेंच राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आणि तोतलाडोह जलाशयात तर मासेमारीला बंदीच आहे, तिकडे जाऊ नका. रोहू, कटला, मिरगल यांची वीण पावसाळ्यात होते, जून ते ऑगस्ट मी गळ घरीच ठेवतो. अंभोऱ्याला मासा धरला तरी मी खात नाही. नाग नदी नागपूरचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान इथे वैनगंगेत येते.

काठावर एक काका डोंगा लावून बसले होते. त्यांची हातजाळी बघितली आणि मी तासभर तिथेच बसलो. लोखंडी सळीची कडी, दांडा मानवेल बांबूचा, म्हणजे आपल्याकडच्या जंगलातला जवळजवळ भरीव असणारा. कडीची दोन्ही टोकं दांड्याच्या दोन बाजूंना वीतभर खाली आणलेली आणि वरून तारेनं गुंडाळलेली. मान नाहीच, त्यामुळे तुटायला जागा नाही. मी माझी मोडलेली जाळी सांगितली तेव्हा ते म्हणाले, "उचललं असंन ना तुमी? जाळी उचलाची नसते बाप्पा, ओढाची असते."

हे ऐकायला एवढंसं वाटतं, पण हिशेब करून बघा. 3 मीटरच्या टोकाला 5 किलोचा मासा, एक हात बुडाला आणि दुसरा त्याच्या 60 सेंटिमीटर पुढे. पुढच्या हातावर 25 किलोचा भार येतो, आणि दांड्याला वाकवणारा जोर सगळ्यात जास्त त्याच हाताजवळ. त्यात पाणी निथळणारी जाळी वेगळीच. म्हणून आधी जाळी पाण्यात बुडवून स्थिर धरायची. माशामागे ती पळवायची नाही, तो जाळी बघून बिथरतो आणि पुन्हा खोल जातो. मासा दमून आडवा झाला की काठीनं त्याला जाळीवर आणायचं, डोकं आधी. मग जाळी थोडी वर करून पिशवीत घ्यायचं आणि दांडा आडवाच ठेवून हातावर हात घेत मागे ओढायचा. जाळी काठाशी आली की दांडा सोडून कडी हातानं धरायची.

दुपारी दीड किलोचा शिंगाळा लागला. पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असलेला हा मासा बारीक जाळीत अडकला की कात्रीच लागते. मावसभावानं मुद्दाम बारीक जाळी घातली, आणि वीस मिनिटं एकेक दोरा सोडवण्यात गेली. तेवढा वेळ मासा ओल्या पोत्यावर होता. तो सोडल्यावर गेला खरा, पण हळू गेला. अशा नदीत रबर चढवलेली जाळीच हवी, आणि पिशवीची खोली हातभर तरी असावी, नाहीतर मोठा मासा उसळी मारून बाहेर पडतो. सोबत बोथट नाकाची पकड ठेवा, शिंगाळ्याला नुसत्या हातानं धरू नका.

घडीच्या कड्यांबद्दल एकच सांगतो. गाडीत सोयीच्या असतात, पण सांध्यात स्प्रिंग गंजतं आणि मासा समोर असताना कडी अर्धीच उघडते. घ्यायचीच असेल तर सांधा धातूचा घ्या. रबर उन्हात कडक होऊन तडकतं, आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत किंवा गच्चीवर जाळी ठेवू नका. आणि कडीपासून दांड्यापर्यंत हातभर मजबूत दोरी बांधून ठेवा. मार्चमध्ये ती असती तर मान तुटल्यावरही जाळी माझ्या हातात राहिली असती.

साडेचारला ऊन उतरल्यावर मोठा रोहू लागला. पंधरा मिनिटं त्यानं काठाकाठानं फिरवलं, दोनदा बुडलेल्या झुडपांकडे गेला. मावसभाऊ 3 मीटरचा दांडा पाण्यात बुडवून बसून राहिला, एकदाही पुढे केला नाही. मासा आडवा झाला, डोकं कडीवर आलं, मी काठी मागे नेली आणि त्यानं जाळी वर घेतली. दांडा आडवाच मागे आला, पितळेचा जोड हलला नाही. कडी हातात आल्यावर आम्ही मासा पाण्याबाहेर काढलाच नाही. तीन किलोच्या वरचा होता. गळ ओठाच्या कडेला होता, पकडीनं लगेच निघाला. कडी एका बाजूनं बुडवून धरली. तो थोडा वेळ तिथेच कल्ले हलवत राहिला, मग झुडपांच्या बाजूला गेला.

काकांनी डोंग्यावरून हात वर केला. आम्ही दांडा पाण्यानं धुऊन, पुसून मिटवला आणि अंधार पडायच्या आत वेलतूरच्या रस्त्याला लागलो.