अंगठा उमटेना, टेम्पो आत येईना

सोलापूरहून डोंबिवलीला येऊन वर्ष होत आलं, पण त्या मशीनवर टेकलेला घरमालकीण काकूंचा अंगठा अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सोळा दिवस आम्ही चौघं त्या एका अंगठ्यापायी अडकलो होतो.

घर शोधण्याचं फारसं सांगण्यासारखं नाही. नवऱ्याची बदली ठाण्याला झाली. ठाण्यातली भाडी ऐकली आणि कळवा, मुंब्रा, दिवा मागे टाकत गुमान डोंबिवलीला उतरलो. सोलापुरात ६,००० रुपयांत अंगणासकट दोन खोल्या होत्या. इथे वन बीएचकेला भाडं १५,०००, डिपॉझिट ५०,००० आणि वर एक महिन्याचं भाडं दलालाला. आमच्या हातात सगळे मिळून १,२०,००० होते. स्टेशनपासून लांब १३,००० चं घर मिळत होतं, पण शेअर रिक्षाचे जाऊन-येऊन ४० रुपये धरले तर एका माणसाचेच महिन्याला १,००० होतात. पुढेमागे मीही कामाला लागणार, म्हणजे वाचलेले २,००० रिक्षात जाणार. भाडं बघताना हा हिशेब तिथल्या तिथे मांडा, नंतर घरी येऊन नको.

तर अंगठा. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर भाड्याने घेण्याचा करार ऑनलाइन नोंदवायचा असेल तर मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचे अंगठे आधारशी जुळावे लागतात. एजंट लॅपटॉप आणि ते छोटं मशीन घेऊन २८ मेला काकूंच्या घरी आला. नवऱ्याचा अंगठा लागला, साक्षीदारांचे लागले. काकूंचा लागेना. वय बहात्तर. एजंट म्हणाला, "वयस्कर माणसांच्या रेघा झिजतात हो." उजवा झाला, डावा झाला, मग दहाही बोटं. काकूंनी हात धुतले, पुसले, ग्लिसरीन लावलं. कुणीतरी सांगितलं, बोट केसांवरून फिरवा. तेही केलं. दर वेळी स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ आणि शेवटी ३३० हा आकडा यायचा, एजंट खिडकी बंद करायचा आणि म्हणायचा, "परत एकदा."

करार नाही म्हणून सोसायटी टेम्पो आत घेईना. सेक्रेटरींचं म्हणणं एकच, रजिस्टर्ड कॉपी आणि पोलीस व्हेरिफिकेशन दाखवा. शाळेला पत्त्याचा पुरावा म्हणून तीच कॉपी हवी. आणि शाळा जूनच्या मध्यावर सुरू होणार! सोलापूरचं घर ३१ मेला सोडलेलं, सामान मोठ्या दिरांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि आम्ही कल्याणला आत्यांच्या हॉलमध्ये. आत्या "राहा गं निवांत" म्हणायच्या, पण सकाळी साडेसहाला एका बाथरूमसमोर सहा माणसं उभी असली की निवांतपणा कुठला. सोबत आणलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी चौथ्या दिवशी संपली, तेव्हा मला खरंच रडू आलं.

इकडे भाडं १ जूनपासून चालू. म्हणजे ज्या घरात पाऊल टाकता येत नाही त्याचे रोजचे ५०० रुपये.

एजंट दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. मशीन बदललं. मग म्हणाला, आधार केंद्रात जाऊन काकूंचे ठसे नव्याने द्या. अपॉइंटमेंट मिळाली दहा दिवसांनंतरची. दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊनही दस्त नोंदवता येतो, हे त्याने एकदाही सांगितलं नाही. त्याचे ३,५०० ठरले होते. खरं तर स्टँप ड्युटी असते एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या ०.२५ टक्के. अकरा महिन्यांचे आमचे सव्वाचारशेच्या आसपास निघतात. शहरी भागात नोंदणी फी १,०००. वर थोडं किरकोळ शुल्क, बाकी सगळी त्याची मजुरी. मजुरीला माझी ना नाही, पण मग स्क्रीनवर काय लिहून येतंय ते वाचायला काय होतं?

गाठ सुटली ती गप्पांत. १२ जूनला मी काकूंकडे नुसतीच बसले होते, वैतागून. काकूंनी चहा टाकला आणि सहज म्हणाल्या, "नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला दिला, तेव्हा एका झटक्यात उमटला होता गं अंगठा." मी कप खाली ठेवला. सहा महिन्यांत रेघा कशा झिजतील? आदल्या खेपेला स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता, तो भाच्याला पाठवला. त्याचं दोन मिनिटांत उत्तर: "मामी, ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक आहे, आधारमधले ठसे कुणी वापरू नयेत म्हणून लावलेलं कुलूप. बोटांचा काही दोष नाही."

काकूंच्या मुलाने पुण्याहून जानेवारीत लावलं होतं लॉक. आधार वापरून कुणाचे तरी पैसे गेल्याचं ऐकून. आधारला मोबाइल नंबरही त्याचाच. फोन लावला, ओटीपी त्याच्याकडेच आला, लॉक निघालं. "आई, मी तुला सांगितलं होतं," तो स्पीकरवर म्हणाला. काकू म्हणाल्या, "सांगितलं असशील."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फटक्यात अंगठा लागला.

आठवलं म्हणून सांगते, टेम्पो ठरवताना भिवंडीला रिकामी परतणारी गाडी विचारा. आम्हाला २२,००० सांगत होते, परतीच्या गाडीने १४,००० त काम झालं. आणि सोसायटीचं एक: आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, घर भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. हे मला नंतर समजलं. समजलं असतं तरी मी त्या सेक्रेटरींशी वाद घातला असता असं नाही, त्यांच्याच जिन्यातून रोज चढायचं होतं. आणि करार नोंदवून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. ही ओळ मात्र मी दलालाला ऐकवली.

भाड्यातले तेरा दिवस कापाल का, असं काकूंना विचारलं. त्यांनी बरणीभर लोणचं दिलं. भाडं १ तारखेपासूनचंच घेतलं. लोणचं चांगलं होतं.

पुढच्या महिन्यात करार नव्याने करायचाय. परवा काकूंना फोन करून पहिला प्रश्न लॉकचाच विचारला.

"अगं, त्याने परत लावलंय की," काकू म्हणाल्या.