अलंकारांची वही: 'जणू'पाशी घोडं अडलं

अनुप्रास, यमक आणि श्लेष मागच्या नोंदीत उरकले. शब्दालंकारांवरून फारशी भांडणं होत नाहीत. या खेपेला अर्थालंकारांना हात घातला आणि सादृश्याच्या कुटुंबातच मुक्काम लांबला.

व्याख्या पाठ करायच्या नाहीत, एकच जोडी घेऊन ती अलंकारामागून अलंकारातून फिरवायची, असं ठरवलं. जोडी निवडली ढग आणि डोंगर. 'ढग डोंगरासारखा काळाकभिन्न दिसतोय' ही उपमा. 'ढग कसला, डोंगरच आहे हा' म्हटलं की अपन्हुती. 'हा ढग की डोंगर?' हा ससंदेह. 'डोंगरासारखाच उंच, पण हा पाऊसही देतो' म्हटलं की ढग वरचढ ठरला, म्हणजे व्यतिरेक. 'ढगासारखा ढगच' हा अनन्वय. आणि ढगाचं नावही न घेता 'आभाळात डोंगर गडगडले' असं म्हटलं, तर उपमान (ज्याची उपमा द्यायची तो डोंगर) उपमेयाला (ज्याला द्यायची त्या ढगाला) गिळून बसतं. ही अतिशयोक्तीची एक जात. अतिशयोक्ती म्हणजे नुसती फुगवून सांगितलेली गोष्ट, ही समजूत इथेच सोडावी लागते.

सगळ्यात मजा आली भ्रांतिमानात. 'समोरच्या ढगालाच डोंगर समजून वाटसरू त्या दिशेने चालत राहिला.' हे वाक्य अपन्हुतीशेजारी ठेवून बघा. दोन्हींत ढगाचा डोंगर झालाय. पण अपन्हुतीत बोलणाऱ्याला खरं ठाऊक असतं, तो मुद्दाम नाकारतो. भ्रांतिमानातला वाटसरू खरोखरच फसलेला असतो. तेव्हापासून मी वाक्य वाचलं की आधी एवढंच विचारतो: यातल्या माणसाचा यावर विश्वास किती? उपमेत दोन वस्तू वेगळ्या आहेत हे तो कबूल करतो, रूपकात ('ढगांचे डोंगर') ते बोलून दाखवत नाही, उत्प्रेक्षेत ('ढग जणू डोंगरच') कल्पनेचा खेळ उघडपणे खेळतो, ससंदेहात दोन्हींमध्ये लटकतो. अर्ध्याहून जास्त गुंता एवढ्यानेच सुटतो.

संस्कृत काव्यशास्त्रकार अप्पय्य दीक्षितांनी 'चित्रमीमांसे'त म्हटलंय की उपमा ही एकच नटी, वेगवेगळ्या भूमिका घेऊन काव्याच्या रंगभूमीवर नाचते. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच: उपमा, रूपक, दीपक, यमक. दीक्षितांच्या 'कुवलयानंदा'पर्यंत त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. माझ्या मते त्यातले बरेचसे या नटीचे कपडेच आहेत.

आता 'जणू'. शाळेत सांगतात, सारखा-समान दिसलं की उपमा, जणू-गमे-वाटे दिसलं की उत्प्रेक्षा. परीक्षेपुरतं ठीक आहे, पुढे मात्र दगा देतं. 'तो जणू वाघासारखा धावून आला' यात दोन्ही आहेत, मग करायचं काय? हा वाद फार जुना आहे. 'अंधार जणू अंगाला माखतो आहे, आभाळातून जणू काजळ बरसतं आहे' अशा अर्थाचा एक प्रसिद्ध संस्कृत श्लोक आहे. त्यात 'इव' ('सारखा' आणि 'जणू' दोन्हींसाठी चालणारा संस्कृत शब्द) आहे म्हणून काही जण त्याला उपमा म्हणत. जुना काव्यशास्त्रकार दंडी याने 'काव्यादर्शा'त त्यांना चांगलंच सुनावलंय: उपमा म्हणता, तर उपमान दाखवा. 'माखतो' हे क्रियापद आहे, क्रियापद उपमान होत नाही. बरं, माखणं हेच उपमान धरलं, तर दोघांत समान असलेला धर्म, म्हणजे गुण, कोणता? तोही माखणंच? धर्मही तोच आणि धर्मीही (तो गुण असलेली वस्तूही) तोच, असं शुद्धीवरचा माणूस बोलणार नाही. शास्त्रग्रंथात असा फटकारा वाचला की दिवस बरा जातो.

याच धाग्याने हेतूत्प्रेक्षा कळली. 'दिव्याची ज्योत जणू अंधाराला भिऊन थरथरते.' इथे कशाची कशाशी तुलनाच नाही. थरथरण्याचं कारण तेवढं कल्पनेतलं आहे. यातला 'जणू' काढा. 'ज्योत अंधाराला भिऊन थरथरते' म्हटलं की मराठी पुस्तकं त्याला चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीवाला सजीवासारखं वागायला लावणं, म्हणतील. एक शब्द गेला आणि खोली बदलली.

विरोधाभास आणि असंगती एका बैठकीत झाले. कारण एकीकडे आणि परिणाम भलतीकडे, ती असंगती. 'जागरण त्याने केलं, डोळे हिचे लाल.' झालं.

स्वभावोक्तीवर मात्र अडून बसलोय. जे आहे ते हुबेहूब सांगणं, हा अलंकार कसा? दंडी तिला अर्थालंकारांत पहिली जागा देतो. कुंतक हा दुसरा काव्यशास्त्रकार उलट म्हणतो की वस्तूचा स्वभाव हाच तर सजवायचा देह, तो स्वतःच दागिना कसा होईल? युक्तिवाद कुंतकाचा पक्का वाटतो. पण 'उडण्याआधी चिमणी मान तिरकी करते, फांदी एकदा दाबून बघते' असं वाक्य लिहून पाहिलं, तेव्हा चार उपमांपेक्षा जास्त घाम गाळावा लागला. तूर्त दंडीच्या बाजूने आहे.

पुढच्या नोंदीत व्याजस्तुती आणि पर्यायोक्ती. लक्षणा-व्यंजनेकडे त्यानंतर. तोवर एक वाक्य सोडवा: 'तुझ्या घड्याळाला जणू आमची वाट बघायची सवयच नाही.' उत्प्रेक्षा, चेतनगुणोक्ती की सरळ टोमणा?