जुन्या पिकअपचं ॲव्हरेज: आधी चाकं बघा, इंजिन नंतर

जुनी गाडी डिझेल जास्त खायला लागली की लोक पहिले इंजिनवरच जातात. नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) काढा, डिझेल पंप (नोझलला डिझेल पुरवणारा) कॅलिब्रेशनला, म्हणजे सेट करायला टाका, कुणी तर डायरेक्ट इंजिन खोलून नव्याने बांधायलाच सांगतं. माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिनला हात लावायच्या आधी गाडी मोकळी पळते का ते बघा, कारण जुन्या पिकअपचं बरंचसं डिझेल चाकांत आणि ड्रायव्हरच्या पायात जातं.

आमच्याकडं बोलेरो पिकअप आहे, २५२३ सीसीची, जुनी मेकॅनिकल पंपवाली. काम ठरलेलं, ओतूरवरून टोमॅटो नाहीतर कांदा भरायचा, माळशेज उतरून मुरबाड, कल्याण करत वाशी मार्केट, आणि येताना रिकामे क्रेट.

आता पहिली गोष्ट म्हणजे मोजायचं नीट. "पाचशेचं टाकलं आणि इतकी पळाली" हा हिशोब कामाचा नाही. टाकी फुल करायची, ऑटो कट झाला (पंपाची नळी आपोआप बंद झाली) की थांबायचं, किलोमीटर लिहून ठेवायचे, आणि पुढच्या वेळी त्याच पेट्रोल पंपावर परत तशीच फुल करायची. भरलेली आणि रिकामी फेरी दोन्ही आल्या पाहिजेत, नाहीतर नुसत्या घाट उताराचं ॲव्हरेज बघून माणूस खूश होतो. आणि टायरचा साईज बदललेला असेल तर मीटरचे किलोमीटरच खरे नसतात, हे पण ध्यानात ठेवा.

मग जॅक लावून एकेक चाक वर घ्या, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, बाकीच्या चाकांना उटी, म्हणजे गाडी सरकू नये म्हणून दगड-ठोकळे लावलेले (हे विसरू नका), आणि चाक हाताने फिरवा. पुढचं चाक दोन-चार फेरे सहज फिरलं पाहिजे. मागच्याला डिफरेन्शियलमुळं थोडं जड लागतंच, पण घासल्याचा आवाज येऊन मधेच अडकत असेल तर ब्रेकचे लायनर (घासून चाक थांबवणारे पट्टे) ड्रमला धरतायत. आमच्याकडं पावसाळ्यात चिखल-पाणी जाऊन हँडब्रेकची केबल गंजते, पूर्ण सुटतच नाही, मागच्या ब्रेकच्या लायनर परत ओढणाऱ्या स्प्रिंगा जुन्या होऊन ढिल्या पडतात, पुढं डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना जाम होतात. ड्रायव्हरला काहीच कळत नाही कारण गाडी पळत असतेच, फक्त पायाखाली ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबलेला असतो, दिवसभर. दुसरी खूण म्हणजे सपाट रस्त्यावर ब्रेक फारसे न मारता गाडी चालवून थांबवा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, टेकवू नका, जे चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय तिथं घासतंय नाहीतर बेअरिंग गेलंय. ड्रम उघडून साफ करणं, केबल बदलणं, हबला ग्रीस भरणं, याला नोझल-पंपापेक्षा कितीतरी कमी पैसे लागतात आणि ब्रेक पण चांगले होतात, हा फायदा मला तरी डिझेलपेक्षा मोठा वाटतो.

हवा सकाळी टायर गार असतानाच बघायची, दारावरच्या स्टिकरप्रमाणे, मागं लोडची आणि रिकामीची वेगळी. एअर फिल्टर धुळीच्या रस्त्याला लवकर चोंदतो, मग गाडी काळा धूर मारते.

स्पीडचं मात्र लोकांना पटत नाही. वाऱ्याचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० ऐवजी ८० ला पळवली तर विरोध जवळपास पावणेदोन पट. त्यात क्रेट केबिनच्या वर गेलेले आणि ताडपत्री फडफडतीये, मग बघायलाच नको. ताडपत्री चारी बाजूनं ओढून बांधा, रिकामं येताना क्रेट एकात एक बसत असतील तर तसेच बसवून केबिनमागं खाली ठेवा.

आणि घाटात न्यूट्रल करून उतरू नका, कृपा करून. माळशेजला रोज बघतो मी हे. गिअरमध्ये असताना पाय काढला की चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेल पंपाचा गव्हर्नर (डिझेल कमी-जास्त करणारा भाग) डिझेल जवळजवळ बंद करतो, न्यूट्रलला उलट इंजिनला आयडलिंगसाठी डिझेल लागतंच. म्हणजे वाचत काहीच नाही आणि इंजिन ब्रेकिंग जातं, सगळा भार लायनरवर, ते तापले की ब्रेक लागत नाहीत. इंजिन बंद करून उतरणारे तर ब्रेक बूस्टरचा (पेडल हलकं करणारा भाग) व्हॅक्यूमच घालवतात, दोन-तीनदा पेडल मारलं की ते दगडासारखं कडक होतं. माल भरलेल्या गाडीत हे करणं म्हणजे जिवाशी खेळ.

एवढं सगळं करूनही काळा धूर राहिला किंवा चढाला दम लागत असेल तर मग नोझल टेस्टिंगला द्या, पंपाचा टायमिंग बघा, क्लच स्लिप होतोय का ते बघा. १० चं ॲव्हरेज १२ झालं तर १०० किलोमीटरमागे दीड लिटरच्या वर डिझेल वाचतं, वाशीच्या एका फेरीत किती ते ज्यानं त्यानं आपापल्या गावापासून मोजावं. टाकीत टाकायच्या पावडरी-बाटल्यांवर मी तरी एक रुपया घालवणार नाही, तेच पैसे ग्रीसला आणि केबलला द्या.